देवमाशाच्या पोटातला आवाज

डोळे मिटा पाहू. घट्ट नकोत, झोप आल्यासारखे. आता माझ्याबरोबर एका लांबट खोलीत चला.

एका भिंतीला पुठ्ठ्यांचे गठ्ठे टेकवून ठेवलेत. दुसऱ्या भिंतीपाशी लोखंडी शिकंजा आहे. त्यात नुकतीच शिवलेली पुस्तकं दाबून ठेवली आहेत, म्हणजे वाळताना फुगायला नकोत. खळीचा आंबूस वास येतोय. खिडकीतून दुपारचं ऊन तिरकं आत आलंय आणि त्यात कागदाची धूळ तरंगतेय, इतकी सावकाश की तिला कुठेच जायची घाई नसावी. कोपऱ्यात वेताची मोठी टोपली आहे. पुस्तकांच्या कडा कापल्या की पांढऱ्या पट्ट्या निघतात, त्या सगळ्या हिच्यात जातात. हात घालून बघा. मऊ लागतात ना? ही टोपली विसरू नका.

हे पुस्तकं बांधणाऱ्या मामाचं कामाचं दालन. टोपलीच्या शेजारी स्टुलावर पाय हलवत बसलीय ती त्याची भाची. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी फार वेळ टिकत नाही. पण रविवारी दुपारी ती टिकते. रविवारी तिथे ‘देवमासा’ वाजतो.

देवमासा म्हणजे एक आल्बम. दूर देशातल्या पाच लांब केसांच्या वादकांनी फार वर्षांपूर्वी केलेला. त्याच्या वेष्टनावर एक प्रचंड देवमासा होता आणि त्याच्या कुशीला खिडक्या होत्या, आत दिवे लागलेल्या. असं मामा सांगायचा. बाकी कोणी ते वेष्टन पाहिलेलं नव्हतं. आल्बमचं खरं नाव परक्या भाषेत होतं, ते उच्चारताना प्रत्येकाची जीभ वेगळीकडे वळायची, म्हणून सगळ्यांनी देवमासाच म्हणायचं ठरवलं. त्यात गिटारी होत्या, ढोल होते, ऑर्गन होता, बासरी होती. आणि दुसऱ्या बाजूला एकच गाणं होतं. एकच! बाजू संपेपर्यंत ते संपायचं नाही. मध्येच ते झोपायचं, कूस बदलायचं, पुन्हा उठून चालू लागायचं.

“याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात,” दातांचे डॉक्टर दर रविवारी न चुकता सांगायचे. भिंगरी त्यांना दातकाका म्हणायची.

“म्हणोत बापडे,” सुतारकाका म्हणायचे. “तुम्ही कॅसेट लावा.”

पण कॅसेट लगेच लागायची नाही. त्या मंडळींचा एक रिवाज होता. आधी एकाने सांगायचं, आपण देवमासा पहिल्यांदा कधी ऐकला. सांगून झालं की टेपरेकॉर्डरचं बटण त्यानेच दाबायचं. गोष्टी सगळ्यांना पाठ होत्या, तरी दर वेळी त्या नव्याने सांगायच्या आणि दर वेळी त्या थोड्या लांबायच्या.

दातकाकांची गोष्ट अशी : “मी एका माणसाला हिरडीत सुई दिली. बधिर व्हायला वेळ लागतो ना, म्हटलं तेवढ्यात समोर जाऊन पुस्तक बांधायला टाकून येतो. इथे आलो तर देवमासा लागलेला. बसलो. बाजू संपली तेव्हा आठवलं, अरे, माणूस!”

“आणि तो?” हे विचारायचं काम भिंगरीचं.

“तसाच. आ वासून. मी विचारलं, फार वेळ झाला का हो? तर म्हणाला, ‘बॉबॉ बॉ.’”

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्समावशींची गोष्ट : “मी रात्रपाळी करून झोपले होते. स्वप्नात पलंगाखालून काहीतरी मोठं पोहत गेलं. जागी झाले तर ते जमिनीतून वर येत होतं. आवाज! चपला घातल्या आणि भांडायला खाली आले. दारात उभी राहिले ती उभीच राहिले. भांडण अजून बाकी आहे हं, मामा.”

पण भिंगरीला आवडायची सुतारकाकांची. ते इथे फळी ठोकायला आले होते. “रंधा हातात, आणि ते गाणं हळू हळू खाली चाललेलं. ढोल थांबले. ऑर्गन थांबला. बासरी पण थांबली. आणि पाठीमागून कोणीतरी विचारलं, ‘हं?’ मी वळून म्हटलं, ‘काही नाही, माप घेतोय.’ तर मागे कोण? भिंत!”

तो ‘हं?’ हेच देवमाशाचं हृदय होतं. दुसऱ्या बाजूला, गाणं अगदी तळाला गेल्यावर, सगळं गप्प झाल्यावर, एक एवढासा आवाज विचारायचा, ‘हं?’ आणि त्याच्यामागोमाग पाचही वादक एकदम उसळून वर यायचे. तो आवाज कोणाचा, यावर मंडळींनी किती रविवार घालवले असतील! दातकाका म्हणायचे, देवमाशाच्या पोटात एक मूल झोपलेलं आहे, ते तिथे जागं होतं. नर्समावशी म्हणायच्या, तो स्वतः देवमासाच, एवढं मोठं धूड आणि एवढासा आवाज, त्यातच गंमत आहे. सुतारकाका म्हणायचे, “कोणी का असेना, मला विचारलं एवढं खरं.”

भिंगरीकडे मात्र गोष्टच नव्हती. देवमासा तिला कळायला लागायच्या आधीपासून घरात होता. भिंती होत्या, नळ होता, तसा तो होता. तिने तो पहिल्यांदा कधी ऐकला हे तिला आठवणं शक्यच नव्हतं. आणि गोष्ट नाही तर बटण नाही.

एकदा तिने रचून पाहिली. “मी ना, टेबलाखाली बसले होते. एकदम लहान होते. आणि एकदम वीज गेली, आणि—”

“कुठलं टेबल गं?” सुतारकाकांनी विचारलं.

“हेच.”

“अगं ठमे, ते मी गेल्या साली केलं!”

सगळे हसले. वाईट नव्हते हसले, पण भिंगरीचे कान लाल झाले. मामाने तिला जवळ ओढलं. “तुझं वेगळं आहे बाळा. पाणी पहिल्यांदा कधी प्यायलीस, आठवतं का? तसं आहे हे.”

“मग मी एकदा तरी बटण दाबू?”

“बटण गोष्ट सांगणाऱ्याचं.” मामा मऊ होता, पण रिवाजाच्या बाबतीत पुठ्ठ्यासारखा ताठ.

मग भिंगरीने वेगळीच युक्ती काढली. पहिली वेळ आठवत नाही ना? मग देवमासा विसरायचा. पार विसरला की पुढे कधीतरी नव्याने ऐकायचा, ती झाली पहिली वेळ! तिने दातकाकांकडून कापूस मागून घेतला, दोन्ही कानांत कोंबला आणि रविवारी बाहेर पायरीवर जाऊन बसली. असे बरेच रविवार गेले. पण विसरणं हा अवघड अभ्यास आहे, मुलांनो. तुम्ही करून बघा. कानात काही येत नव्हतं, तरी तिची टाच पायरीवर ढोलाचा ठेका धरायची. दात घासताना तोंडात ऑर्गन वाजायचा. झोपताना छतावरून देवमासा जायचा, एकेक खिडकी चमकवत, आणि जाताजाता विचारायचा, ‘हं?’

“जा बाबा,” ती कुशीवर वळून म्हणायची. “मी तुला विसरतेय.”

अशातच एके दिवशी दातकाका धापा टाकत आले. हातात टॉवेलांत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. त्यांच्या परदेशातल्या बहिणीला जुन्या सामानाच्या दुकानात देवमासा सापडला होता. कॅसेट नव्हे. खरी, काळी, मोठी रेकॉर्ड! वेष्टनासकट!

मामाने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग वेष्टन खिडकीपाशी धरलं. निळं पाणी, आणि त्यात तो. खिडक्यांत दिवे लागलेले. “हाच,” तो म्हणाला. “अगदी हाच.”

आता तुम्ही विचाराल, मामाने ही रेकॉर्ड आधी पाहिली कुठे? सांगतो. भिंगरी तान्ही होती तेव्हा एक प्रवासी आपला फाटका नकाशासंग्रह बांधायला घेऊन आला. खळ वाळेपर्यंत त्याला थांबावं लागणार होतं. त्याच्याकडे पेटीसारखा रेकॉर्ड प्लेअर होता आणि हा देवमासा होता. त्याने तो लावला. मामाने आपला टेपरेकॉर्डर काढला, पण दोन यंत्रं जोडायची वायर नव्हती. मग त्याने माइक सरळ स्पीकरसमोर धरला आणि घरातल्यांना बजावलं, कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. नळाला फडकं बांधलं. घड्याळ बंद केलं. अशी ती कॅसेट झाली. खळ वाळली, प्रवासी गेला, रेकॉर्डही गेली. मामाने ती एकदाच ऐकली होती, ध्वनिमुद्रण करताना. पुढे सगळ्यांनी ऐकली ती ही कॅसेट, नाहीतर तिच्यावरून केलेल्या कॅसेटी.

रविवार उजाडला. दातकाकांनी कुठूनसा एक रेकॉर्ड प्लेअर मागून आणला, तसाच पेटीसारखा. भिंगरीची आई टेलिफोन कचेरीत कामाला होती आणि रविवारी तिची पाळी असायची, म्हणून ती या बैठकीला कधीच नसायची. त्या दिवशी तिने मुद्दाम सुट्टी घेतली. दारापाशी बसून ती भिंगरीच्या फ्रॉकला शिवण घालत होती.

भिंगरीने कानांतला कापूस काढून खिशात ठेवला. विसरणं काही जमलं नव्हतं. तरी तिला वाटलं, खरी रेकॉर्ड नवीनच आहे ना, कदाचित हीच माझी पहिली वेळ होईल.

“बघ इकडे,” मामाने तिला रेकॉर्ड उन्हात तिरकी धरून दाखवली. “किती रेघा दिसतात?”

“खूप.”

“एकच आहे. एकच बारीक चर, बाहेरून गोल गोल फिरत मधोमध जातो. सुई त्या एकाच वाटेने चालते. वाटेत जे भेटेल ते आपल्याला सांगते.”

सुई टेकली. खरखर झाली, पाऊलवाटेवर कोणी चालल्यासारखी. आणि मग देवमासा आला, पण कसा! कॅसेटवर तो धुक्यातून यायचा. आता खिडक्यांच्या काचा दिसत होत्या. गिटारीच्या तारेवरून सरकणारं बोट ऐकू येत होतं. नर्समावशींनी डोळ्यांना पदर लावला. दातकाका आ वासून बसले होते, अगदी त्यांच्या त्या माणसासारखे.

दुसरी बाजू लागली. भिंगरीने डोळे मिटले. देवमासा खाली निघाला, उजेड सोडून, हिरव्या पाण्यातून निळ्या पाण्यात, निळ्यातून काळ्यात. तिला वाटलं आपण त्याच्या एका खिडकीत नाक दाबून आत बघतोय. आत एक लांबट खोली, पुठ्ठ्यांचे गठ्ठे, तरंगणारी धूळ. ढोल थांबले. ऑर्गन विरला. बासरी थांबली. सगळे पुढे झुकले. सुतारकाका तर मान वळवायच्या तयारीत.

काहीच आलं नाही.

क्षणभर नुसती शांतता, आणि पाचही वादक उसळून वर आले.

“सुई उडाली,” दातकाका म्हणाले.

मामाने सुई थोडी मागे ठेवली. पुन्हा सगळं खाली गेलं, पुन्हा शांतता, पुन्हा उसळी. ‘हं?’ नाही.

“बहिणीने खराब माल पाठवला तुमच्या,” सुतारकाका म्हणाले.

“खराब कसा? काचेसारखं वाजतंय!”

“मग माझा तो कुठाय? मला ज्याने विचारलं तो?”

मामाचा चेहरा खळीसारखा पांढरा झाला. “रेकॉर्डवर नाही,” तो सावकाश म्हणाला. “मग कॅसेटवर कुठून आला?”

दारापाशी आईचं हसू फुटलं. शिवायची सुई बोटात टोचली तरी ती हसतच होती. “दादा, तू खरंच विचारतोयस?”

“म्हणजे? तुला माहितीय?”

“अरे, त्या दिवशी तू आम्हा सगळ्यांची तोंडं बंद केलीस. मी हिला घेऊन इथेच बसले होते. हिला झोप लागली म्हणून त्या टोपलीत ठेवलं, पट्ट्यांवर. छान झोपली होती. तुझं ते संगीत बंद झालं आणि शांततेनेच ही जागी झाली. मान वळवून त्या पेटीकडे बघितलं आणि म्हणाली, ‘हं?’ मी तिच्या ओठांवर बोट ठेवलं, तोवर पुढचं सुरू झालं. तू डोळे मिटून बसला होतास माइक धरून.”

“मला वाटलं रेकॉर्डमध्येच आहे!”

“मला वाटलं तुला ठाऊक आहे. घरातलं पोर बोललं, त्यात सांगायचं काय?”

सगळ्यांच्या माना भिंगरीकडे वळल्या.

भिंगरीला आधी काही कळेना. मग कळलं. “म्हणजे मी बिघडवला?” तिने विचारलं. “सगळ्यांचा देवमासा मी बिघडवला?”

“ए वेडाबाई!” सुतारकाका उठून तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांच्या गुडघ्यांचा कट्कट् आवाज झाला. “म्हणजे त्या दिवशी मला विचारलंस ती तू? आणि मी तुला उत्तर काय दिलं? ‘माप घेतोय!’ शोभतं का मला?”

“म्हणजे देवमाशाच्या पोटातलं मूल हेच,” दातकाका हळूच म्हणाले. “मी मूलच म्हणत होतो, लक्षात घ्या.”

“लगेच श्रेय घेतलं डॉक्टरांनी,” नर्समावशी म्हणाल्या आणि त्यांनी भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरी, आम्ही सगळे आमची पहिली वेळ नुसती सांगत बसतो. तिखटमीठ लावतो. हे डॉक्टर तर त्या माणसाला दर खेपेला जास्तच वेळ बसवून ठेवतात. तुझी पहिली वेळ तशीच्या तशी टेपमध्ये आहे. तुझ्याच तोंडची.”

मामा टेपरेकॉर्डरपाशी गेला. बराच वेळ तो त्या जुन्या यंत्रावरची धूळ पुसत राहिला. मग म्हणाला, “भिंगरे, रिवाज म्हणजे रिवाज. तुझी गोष्ट झाली. आता बटण तुझं.” आणि थोडं थांबून, “किंवा सुई. तुला हवं ते. कॅसेट लाव, नाहीतर रेकॉर्ड.”

आता बघा, भिंगरी उभी आहे दोन यंत्रांच्या मधोमध. डावीकडे कॅसेट, जिच्यात ती आहे. उजवीकडे रेकॉर्ड, जिच्यात ती नाही. सगळ्यांना वाटत होतं की ती बटणच दाबणार. इतके दिवस तिने तेच तर मागितलं होतं. तिचं बोट बटणापर्यंत गेलंसुद्धा. पण तिच्या डोक्यात काहीतरी वळवळत होतं. मी तिथे बोलले, मग माझ्या आवाजाखाली काय होतं? आत्ताही मी त्या ‘हं?’चीच वाट बघत होते, तिथलं नीट ऐकलंच नाही!

तिने मामाचा हात धरून सुई उचलली आणि गाणं तळाला जायच्या थोडं आधी टेकवली. मग ती धावत कोपऱ्यात गेली आणि वेताच्या टोपलीत शिरली. मावली नाही. पाय बाहेर लोंबले, पट्ट्या जमिनीवर सांडल्या. तरी तिने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले.

ढोल थांबले. ऑर्गन विरला. बासरी थांबली.

काळं, गार, स्वच्छ पाणी. आणि त्या पाण्यात, अगदी जवळ, कोणीतरी श्वास घेतला. खोल, लांब श्वास, बासरीवाल्याचा, पुढच्या उडीसाठी घेतलेला. तो इतके दिवस तिथेच होता. कोणाच्याच कानी पडला नव्हता.

भिंगरीचे डोळे खाड्कन उघडले. मान आपोआप पेटीकडे वळली. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “हं?”

सुतारकाकांनी गर्रकन मागे वळून पाहिलं. आई हसू दाबायला फ्रॉक तोंडात कोंबू लागली. पाचही वादक उसळून वर आले, पण त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

भिंगरी टोपलीतून उठली. केसांत, कानांत, खिशांत पांढऱ्या पट्ट्या. ती तशीच रेकॉर्ड प्लेअरपाशी गेली, आता मामाचा हात न धरता तिने सुई हलकेच उचलली आणि थोडी मागे नेली. टेकवायच्या आधी ती वळली, ओठांवर बोट ठेवलं आणि त्या सगळ्या मोठ्या माणसांकडे एकेक करून डोळे वटारून पाहिलं.

“आता कोणी बोलायचं नाही,” ती म्हणाली. “मीसुद्धा नाही.”

आणि तिने सुई टेकवली.